जळगावहून लंडन-न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी २ आणि लंडनला पोहोचण्याची वेळ त्याच दिवशी संध्याकाळी ६.३० अशी छापलेली असली, तरी तो प्रवास साडेचार तासांचा नसतो, कारण प्रत्येक वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाची असते. म्हणून वजाबाकी करण्यापूर्वी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणाव्यात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असते. तेव्हा तिथले ६.३० म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे १२, आणि प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळे एक तास पुढे असल्याने फरक साडेचार तासांचा धरावा.

अंतरासाठी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नये, कारण सपाट नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात. त्याऐवजी शाळेतला पृथ्वीगोल घेऊन दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. गोलाचा घेर ९४ सेंटिमीटर असेल, तर मुंबई-लंडन दोरा जवळपास १७ सेंटिमीटर भरतो; १७ ला ९४ ने भागून पृथ्वीच्या ४०,००० किलोमीटर परिघाने गुणले की सुमारे ७,२०० किलोमीटर हाती येतात. मुंबई-न्यूयॉर्कचे अंतर असेच साडेबारा हजारांच्या आसपास निघते, आणि तो दोरा सरळ पश्चिमेला न जाता ६५ उत्तर अक्षांशाच्या जवळ चढून मग खाली उतरतो, हे पाहून नवख्या माणसाला नवलच वाटते.

आता वेळ. मोठ्या विमानाचा सरासरी वेग ताशी ८५० किलोमीटर धरून अंतराला भागावे आणि धावपट्टीवरची ये-जा, चढणे व उतरणे यांसाठी पाऊण तास मिळवावा. लंडनसाठी सव्वानऊ तास येतात. वेळापत्रकात जाताना याहून जास्त आणि येताना कमी वेळ दिसतो, कारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला ते तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. शिवाय एखाद्या देशाची हवाई हद्द बंद झाली की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केल्यावर युरोप-अमेरिकेच्या उड्डाणांना असाच वळसा पडू लागला. त्यामुळे दोऱ्याचे उत्तर हे अंदाजाचे. अंतिम वेळ तिकिटावरची.

खान्देशच्या प्रवाशाचा हिशेब मात्र इथे संपत नाही. जळगावला विमानतळ आहे, पण परदेशी विमानासाठी बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते, आणि रेल्वेने हे अंतर सुमारे ४२० किलोमीटर, म्हणजे सहा-सात तासांचे आहे. नंदुरबारकरांनी सुरतमार्गे जाण्याचाही विचार करावा. खरी फसगत तारखेत होते. १५ तारखेला रात्री १२.४५ चे विमान म्हणजे घरातून १४ तारखेलाच निघायचे असते. अशा विमानासाठी पावणेदहापर्यंत सहार विमानतळावर पोहोचावे; त्यासाठी ठाण्याला आठपर्यंत उतरणे आणि गाडी दोन-अडीच तास रखडेल असे धरणे आवश्यक असल्याने, जळगावहून १४ तारखेला सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास सुटणारी गाडी पकडावी.