संगणकशास्त्र आणि डिजिटल मीडिया एकत्र शिकायचंय? वायमारचा अनुभव

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं मला हटकून एक प्रश्न विचारतात: "कोडिंगचा कंटाळा आलाय, पण डिझाइनची आवड आहे. मग डिजिटल मीडियाचा मास्टर्स बरा पडेल ना?" मी स्पष्टच सांगतो, कोडिंगपासून सुटका हवी म्हणून इकडे येऊ नका. मी जर्मनीत वायमारच्या बाउहाउस विद्यापीठातून 'कॉम्प्युटर सायन्स फॉर डिजिटल मीडिया' केलं. नावाच्या शेवटी मीडिया असला तरी पदवी एम.एस्सी.ची आहे, आणि प्रवेशासाठी संगणकशास्त्राची किंवा त्याच्या जवळची पदवी लागते. शिकवणं इंग्रजीतून. बारावीनंतर थेट बॅचलरला यायचं असेल तर मात्र आधी जर्मन चांगली पक्की करावी लागते.

चार सत्रं, एकूण १२० क्रेडिट. एका क्रेडिटमागे साधारण ३० तासांचं काम धरतात, म्हणजे सत्राला ३० क्रेडिट घेतले की नोकरीइतका वेळ अभ्यासालाच जातो. आणि त्यातला मोठा वाटा गणित खातं. लिनियर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी या दोन गोष्टींशिवाय इथे पान हलत नाही. कॅमेरा फिरवायचा तर मॅट्रिक्स, फोटोतली वस्तू किती लांब आहे हे काढायचं तर मॅट्रिक्स, शोधयंत्राने कोणतं पान वर दाखवायचं हे ठरवायचं तर प्रॉबॅबिलिटी. एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर, नुसता पास होण्यापुरता केला असेल तर निघण्याआधीच्या सुट्टीत पुस्तक पुन्हा उघडा. सॉफ्टवेअरची बटणं कोणीही महिन्याभरात शिकतं, हा पाया महिन्यात होत नाही.

मग 'मीडिया' येतो कुठे? एक उदाहरण देतो. काळ्या आणि पांढऱ्या बारीक आडव्या रेघांचं चित्र घ्या आणि ते निम्म्या आकाराचं करा. सरळ हिशेब असा की फाईलमध्ये काळ्याचा आकडा ० आणि पांढऱ्याचा २५५, सरासरी आली जवळपास १२८. कोड बरोबर चालतो, एरर येत नाही. पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवून चार पावलं मागे जाऊन पाहिलंत, तर लहान केलेलं चित्र ठळकपणे गडद दिसतं. कारण फाईलमधला आकडा प्रकाशाच्या प्रमाणात नसतो. १२८ हा आकडा पडद्यावर पूर्ण प्रकाशाच्या जेमतेम २२ टक्के प्रकाश देतो. निम्मा प्रकाश हवा असेल तर आकडा १८८ च्या आसपास यायला हवा. म्हणून आधी आकड्यांचा प्रकाश करायचा, सरासरी तिथे काढायची आणि मग परत आकड्यांत यायचं. मला ही पदवी इथे समजली. चूक आहे हे डोळ्याला कळावं लागतं आणि का आहे हे गणिताला. नुसता प्रोग्रामर एरर नाही म्हणून पुढे जातो, नुसता डिझायनर ब्राइटनेस वाढवून मोकळा होतो.

हे दोन्ही एका माणसात यावं म्हणून वायमारमध्ये प्रोजेक्टवर भर आहे. सत्राच्या सुरुवातीला 'प्रोयेक्टब्योर्झे' भरते. प्राध्यापक एकेक करून या सत्रात कोणते प्रोजेक्ट चालवणार ते सांगतात आणि विद्यार्थी आपली पसंती देतात. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, छापून आणणं, ही सवय इथे मोडावी लागते. दर आठवड्याला गटाने बसायचं, काय केलं आणि काय अडलं ते दाखवायचं. कोड किती लिहिला यापेक्षा हा निर्णय का घेतला, यावर जास्त प्रश्न येतात.

इथली व्हर्च्युअल रिॲलिटीची प्रयोगशाळा मला सगळ्यात आवडली. एरवी एका पडद्यावरचं त्रिमित दृश्य एकाच माणसाला बरोबर दिसतं, शेजारच्याला वेडंवाकडं. या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली सहा जणांना आपापल्या जागेवरून बरोबर दिसेल असा पडदा सादर केला. प्रत्येकाचे दोन डोळे, म्हणजे एका क्षणाची बारा चित्रं! आणि डोक्याला लावायच्या हेडसेटवर सेकंदाला ९० फ्रेम द्यायच्या तर एका फ्रेमला अकरा मिलिसेकंद मिळतात. त्यात बसलं नाही तर बघणाऱ्याला मळमळतं. अल्गोरिदमची कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे काम वाढलं की त्याला लागणारा वेळ किती वाढतो, हे कशासाठी शिकलो, हे अशा ठिकाणी पटतं.

वायमार गाव लहान, पासष्ट हजारांच्या आसपास वस्तीचं. ग्योटे आणि शिलर हे जर्मन साहित्यिक इथेच राहिले. वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ साली बाउहाउस हे कला-विद्यालय सुरू केलं तेही इथेच, कला आणि कारागिरी एकाच कार्यशाळेत आणण्यासाठी. आजही विद्यापीठात वास्तुकला, सिव्हिल, कला आणि मीडिया अशा चार विद्याशाखा आहेत. जुलैत 'समेरी' नावाचं वार्षिक प्रदर्शन भरतं, तेव्हा सगळ्यांचं काम गावासमोर मांडलेलं असतं. दुसऱ्या विद्याशाखांतली दालनं चुकवू नका. आपला प्रोजेक्ट एखाद्या आजोबांना समजावून सांगता येतो का, हेही तिथेच कळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून आधी तेच. शिक्षण शुल्क नाही, पण दर सत्राला ठरावीक वर्गणी असते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचा खर्च दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. गुण उलटे चालतात: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. काम वर्षाला १४० पूर्ण दिवस करता येतं. शक्यतो हॉटेलपेक्षा विद्यापीठातच साहाय्यकाचं काम शोधा. पैसे मिळतात, प्राध्यापक ओळखू लागतात आणि पुढे थीसिसचा विषय बऱ्याचदा त्यातूनच निघतो.

वर्गात जर्मन लागत नसली तरी पुण्या-मुंबईत क्लास लावून जर्मनची ए-टू ही दुसरी पातळी करूनच निघा. अभ्यासक्रम इंग्रजी असला तरी पदवीनंतर नोकरी शोधायला जे अठरा महिने मिळतात, त्यात मुलाखतीला बोलावणाऱ्या बऱ्याच कंपन्या जर्मन बोलता येतं का, हे पहिल्याच फोनवर विचारतात.