लिपिडचं मेम्ब्रेन बनवताय? निदान या चुका तरी टाळा

लिपिड (चरबीसारखे रेणू) वापरून पेशीसारखं कृत्रिम मेम्ब्रेन (पातळ आवरण) बनवणाऱ्या प्रत्येक नव्या बॅचमध्ये तेच तेच बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते तापमान न बघता केलेल्या एक्स्ट्रुजनमुळे, म्हणजे लिपिडचं मिश्रण बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून सिरिंजने पुन्हापुन्हा ढकलून एकसारख्या आकाराच्या पोकळ पिशव्या (व्हेसिकल्स) करण्यामुळे. लोक हात बसवतात डीओपीसी या लिपिडवर, त्याचं टीएम (ज्या तापमानाच्या वर लिपिड जेलमधून प्रवाही होतं ते) उणे १७ अंश सेल्सियसच्या आसपास, त्यामुळे रूम टेंपरेचरला सगळं सुरळीत जातं. मग हातात येतं डीपीपीसी हे दुसरं लिपिड, टीएम ४१ अंश, त्याच्या खाली ते जेल असतं आणि फिल्टरमधून जायला तयारच नसतं. आमच्याकडे एक पठ्ठ्या हीटिंग ब्लॉक गरम होईपर्यंत थांबायला नको म्हणून तसाच १०० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून ढकलत बसला, सिरिंज हलेना, अंगठा लाल, तरी दाबतोय. एकदम सटकन गेलं आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या विनातक्रार, हा खूश. डीएलएसला (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणारं मशीन) साइज वाट्टेल तशी पसरलेली आली तर आधी मशीनवरच संशय, शेवटी एक्स्ट्रुडर उघडला तर फिल्टर मधोमध फाटलेला! मी सिरिंज, ब्लॉक, सॅम्पल सगळंच टीएमच्या १० अंश वर नेऊन मगच हात लावतो आणि जोर मध्येच कमी लागायला लागला की तिथेच थांबून फिल्टर बघतो.

क्लोरोफॉर्ममधलं लिपिड प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये ठेवू नका, प्लास्टिकमधली रसायनं त्यात उतरतात. काचेची बाटली, टेफ्लॉनचं झाकण, बास. फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडायची नाही, पाणी धरतं.

काचेवरचं बायलेयर (लिपिडचा सलग दुहेरी थर) फ्लुरोसंट रंगामुळे नुसतं चमकतंय म्हणून जमलं असं समजू नका, नुसती चिकटून बसलेली व्हेसिकल्सही तशीच चमकतात. फ्रॅप करा, म्हणजे लेझरने एका ठिपक्यातला रंग घालवून (ब्लीच करून) आजूबाजूचं लिपिड तिथे सरकतं का बघा; टीएमच्या वर असूनही ठिपका परत भरला नाही तर सलग बायलेयर नाहीये, विषय संपला. काच धुण्यात घाई केलेली असते, दुसरं काय. आणि बफर बदलताना हवेचा बुडबुडा लागला तर सगळं पहिल्यापासून.

जीयूव्हीत (सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या मोठ्या व्हेसिकल्स) आत सुक्रोज बाहेर ग्लुकोज, पण दोन्हींची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ऑस्मोमीटरवर मोजून, 'हिशेबाने सारखंच आहे' हे मला सांगू नका.

पॉलिमरसोमवाल्यांनी (लिपिडऐवजी पॉलिमरच्या व्हेसिकल्स बनवणाऱ्यांनी) लिपिडची रेसिपी जशीच्या तशी उचलू नये. लिपिड बायलेयर ४ ते ५ नॅनोमीटर जाड, पॉलिमरचं बरेचदा त्याहून जाड आणि जास्त घट्ट, त्यात मेम्ब्रेन प्रोटीन सहज बसेलच असं नाही, म्हणून प्रोटीन तीनदा प्युरिफाय करण्याआधी जाडी मोजा.