कूलरवर संशय घेण्याआधी ऑइलची लेव्हल बघा, आणि नीट बघा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शिकताना मी एक चांगला कूलर, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा भाग, काढून फेकला. चूक साधी होती, म्हणूनच सविस्तर सांगतो.

गाडीचं काम किरकोळ होतं: कूलर पाइपच्या जोडाला ओल होती, सील बदललं. ऑइल मोजायची डिपस्टिक नव्हती, फक्त लेव्हल प्लग, म्हणजे ज्याच्या भोकापर्यंत ऑइल असलं की लेव्हल बरोबर, असा बोल्ट. इंजिन बंद करून प्लग उघडला तर धार लागली. वाटलं, आधी कुणीतरी जास्त भरलंय. धार थांबेपर्यंत ऑइल जाऊ दिलं आणि प्लग लावून मोकळा झालो.

दोन दिवसांत गाडी परत. रिव्हर्स उशिरा लागतो, चढावर स्लिप होते, स्कॅनरवर ऑइलचं तापमान चढतच जातंय. तापमान म्हणजे कूलर, असं ठरवून कूलर बदलला. काडीचा फरक पडला नाही. त्या कूलरचे पैसे मागायला तोंड नव्हतं.

झालं असं होतं. इंजिन बंद झालं की पंप थांबतो आणि वर फिरणारं बरंचसं ऑइल तळाच्या पॅनमध्ये उतरतं. त्यामुळे लेव्हल फुगलेली दिसते. इंजिन चालू झालं की पंप तेच ऑइल पुन्हा वर ओढतो. म्हणजे मी 'जास्तीचं' समजून काढलं ते गिअरबॉक्सच्या हक्काचं होतं! कमी ऑइलवर पंप हवा ओढतो, दाब कमी होतो, क्लच प्लेट घसरतात आणि घसरल्या की तापतात. चोक झालेल्या कूलरची लक्षणंही जवळपास हीच, म्हणून फसायला होतं.

तेव्हा प्लगवाल्या गिअरबॉक्सची लेव्हल बघायची ती गाडी सपाटीवर, इंजिन आयडलवर, लिव्हर प्रत्येक जागी काही सेकंद थांबवून परत पार्कमध्ये, आणि तापमान स्कॅनरवर बघत. बऱ्याच गिअरबॉक्सना 35 ते 45 अंशांच्या आसपास प्लग उघडायचा असतो. नेमका आकडा त्याच गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमधून घ्या. ऑइल तापलं की फुगतं. फार गरम असताना मोजलंत तर कमी राहील, फार थंड असताना मोजलंत तर जास्त भरलं जाईल. जास्त झालं तरी सुटका नाही, फिरते भाग ते घुसळून फेस करतात आणि फेसाने दाब टिकत नाही.

लेव्हल बरोबर असेल तरच कूलरकडे वळा. कूलरकडून गिअरबॉक्सकडे येणारी परतीची लाइन सोडून भांड्यात धरा, आयडलवर वीसेक सेकंद. साधारण लिटरभर यायला हवं. जास्त वेळ चालवू नका, पंप कोरडा पडेल. आणि ऑइल थंड असताना ही चाचणी करूच नका: लाइनमध्ये थर्मोस्टॅट (ऑइल तापल्यावरच कूलरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) असेल तर तो बंद असतो, चांगला कूलरही चोक वाटतो.

ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर मात्र रेडिएटरमधला कूलर आतून फुटलाय असं धरा. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब जातो, पण तापलेल्या कूलंटचा टिकतो, आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं. कूलंटमधल्या पाण्याने क्लचचं अस्तर सुटतं. नुसतं ऑइल बदलून भागेल असं गिऱ्हाइकाला सांगू नका, नंतर तुमच्याच गळ्यात येईल.

वासावरून निदान करणाऱ्या उस्तादांचं मला फारसं कौतुक नाही. जळका वास क्लच जळल्याचं सांगतो, का जळला ते नाही. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असलं ऑइल आणि स्लिप थांबवणाऱ्या बाटल्या तर माझ्या कपाटात नसतातच.

घाबरू नका, माझ्या त्या गाडीला योग्य तापमानावर ऑइल भरलं आणि ती सुधारली. लवकर लक्षात आलं म्हणून वाचली, एवढंच. तेव्हापासून निघालेलं ऑइल मी मापाच्या भांड्यातच धरतो आणि आकडा जॉब कार्डावर लिहितो, दोन थेंब असले तरी.