बारावीचं वर्ष आणि एमएचटी-सीईटी: वेळापत्रक डिसेंबरपासून मागे कसं मांडायचं

इंजिनीअरिंगची सीईटी, म्हणजे राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, साधारण एप्रिल-मेमध्ये होते, म्हणून अकरावी संपली की घरोघरी एकच हिशेब होतो: अजून अख्खं वर्ष आहे. कॅलेंडर समोर ठेवलं की हे वर्ष आक्रसायला लागतं. सीईटीच्या आधी बोर्ड, बोर्डाच्या आधी प्रॅक्टिकल, त्याच्याही आधी प्रीलिम. अलीकडे बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू होते आणि जानेवारी जर्नल पूर्ण करण्यात, सह्या घेण्यात जातो. म्हणजे नवीन प्रकरण शिकायला खरा वेळ आहे तो डिसेंबरअखेरपर्यंतच. वेळापत्रक करायचं ते ३१ डिसेंबर ही शेवटची तारीख धरून, तिथून मागे मोजत.

आधी पेपर नीट बघा

हे वाचायला दहा मिनिटं लागतात, तरी बरीच मुलं ते मार्चमध्ये वाचतात. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाला एकूण २०० गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, दोन्ही मिळून ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रत्येक विषयात ४० प्रश्न बारावीवर आणि १० अकरावीवर.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत. दोन विद्यार्थ्यांचा एकूण पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत, तो आकडा) सारखा आला, तरी पुढे कोण हे ठरवताना आधी गणितच बघतात. दुसरी, फिजिक्स-केमिस्ट्रीत एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात, गणितात १०८. तिसरी गोष्ट खूप जणांना मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिल्यावरच कळते: दोन्ही भागांची वेळ कुलूपबंद आहे. फिजिक्स-केमिस्ट्री दहा मिनिटं आधी संपलं, म्हणून ती दहा मिनिटं गणिताकडे वळवता येत नाहीत.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीतूनही घेता येतो, गणिताचा मात्र इंग्रजीतूनच असतो. अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकला असाल तर फॉर्म भरताना भावनेच्या भरात मराठी निवडू नका. दोन वर्षं ‘टॉर्क’ वाचलेल्या डोळ्यांना पेपरात ‘बल आघूर्ण’ दिसलं, तर ५४ सेकंदांतली दहा तिथेच जातात.

प्रकरणं आणि आठवडे समोरासमोर मांडा

राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकांत फिजिक्सची १६, केमिस्ट्रीची १६ आणि गणिताच्या दोन भागांत मिळून १५ प्रकरणं आहेत. एकूण ४७. जूनच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत साधारण २८ आठवडे असतात. त्यातून युनिट टेस्ट, सहामाही, गणपती, दिवाळी आणि एखादं आजारपण यांचे पाच आठवडे वजा करा. उरले २३. म्हणजे आठवड्याला दोन प्रकरणं, एकही आठवडा न चुकता. हा आकडा बघून धडकी भरली तर बरंच झालं, कारण एप्रिल ते जून या सुट्टीची किंमत तेव्हाच कळते.

शिवाय सगळी प्रकरणं सारख्या वजनाची नसतात. ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्री दोन संध्याकाळी होतं, मॅग्नेटिक मटेरियल्सही फार लांबत नाही. इंडेफिनिट इंटिग्रेशन मात्र तीन आठवडे खातं, आणि ते कच्चं राहिलं तर डेफिनिट इंटिग्रेशन, त्याचे उपयोग आणि डिफरेन्शियल इक्वेशन्स ही पुढची तीन प्रकरणंही डगमगतात. म्हणून ४७ नावांपुढे आधी ‘हलकं’, ‘मध्यम’, ‘जड’ असं लिहा. आठवड्यात एक जड आणि एक हलकं असेल तर गाडी चालते. दोन जड एकत्र आली की रविवारी काहीतरी उरतंच. क्लासचा क्रम वेगळा असेल तर त्याच्याशी भांडू नका. तिथे जे चालू असेल ते आठवड्यातलं एक प्रकरण धरा, दुसरं स्वतःचं निवडा.

सुट्टीत अकरावी, पण सगळी नाही

अकरावीचे प्रश्न प्रत्येक विषयात दहाच असले, तरी गणितातल्या दहांचे २० गुण होतात, म्हणजे तिन्ही विषयांचे मिळून ४०. सीईटी कक्ष अकरावीची ठरावीक प्रकरणंच घेतो आणि त्यांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. ती छापून भिंतीवर लावा. यादीबाहेरच्या प्रकरणांना सुट्टीत हात लावायची गरज नाही.

यादीतही क्रम असतो. बारावीचा पाया असलेली प्रकरणं आधी घ्यायची. गणितात ट्रिगनॉमेट्रीची सूत्रं, मग फंक्शन्स, लिमिट्स, कंटिन्युइटी, कारण डेरिव्हेटिव्ह याच वाटेने येतं. सरळ रेषा पक्की असेल तर बारावीतल्या पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्सला फारसे कष्ट पडत नाहीत. परम्युटेशन-कॉम्बिनेशन आणि प्रॉबॅबिलिटी बायनॉमियल डिस्ट्रिब्युशनसाठी लागतात. फिजिक्समध्ये लॉज ऑफ मोशन नीट न समजता रोटेशनल डायनॅमिक्सला बसणं म्हणजे फक्त सूत्रं पाठ करणं. केमिस्ट्रीत ऑरगॅनिकची मूलतत्त्वं सगळ्यात आधी. इंडक्टिव्ह इफेक्ट आणि कार्बोकॅटायनची स्थिरता कळली नाही, तर हॅलोजन डेरिव्हेटिव्हपासून अमाइन्सपर्यंतची चार प्रकरणं नुसत्या रिअॅक्शनची यादी वाटत राहतात. रेडॉक्स इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या आधी करा. मेजर्स ऑफ डिस्पर्शनसारखं सुटं प्रकरण मात्र दिवाळीच्या सुट्टीतही उरकता येतं.

पुस्तकं हरवली असतील किंवा मित्राकडे गेली असतील, तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. बाजारातलं जाडजूड गाइड नंतर घ्या. सीईटीचा अभ्यासक्रम याच पुस्तकांचा आहे.

एक प्रकरण दोनदा संपवायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बोर्डाला पायऱ्या लिहाव्या लागतात, सीईटीला फक्त पर्याय निवडायचा असतो. काही मुलं वर्षभर पायऱ्याच लिहितात आणि एप्रिलमध्ये वेळ पुरत नाही. काही नुसते शॉर्टकट शिकतात आणि बोर्डात तीन गुणांच्या उत्तराला दीड गुण घेऊन येतात.

उदाहरण घ्या. शून्य ते पाय बाय टू या सीमांमध्ये इंटिग्रल, वर रूट साइन, खाली रूट साइन अधिक रूट कॉस. बोर्डात गुणधर्म लिहायचा, एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स घालायचं, दोन्ही समीकरणांची बेरीज करायची आणि पाय बाय फोरपर्यंत यायचं. सात-आठ ओळी होतात. सीईटीत हा साचा ओळखायला दोन सेकंद आणि उत्तर मांडायला तीन: सीमांमधल्या फरकाचं निम्मं. रूटच्या जागी घन असो की पाचवा घात, उत्तर तेच. पण हे निम्मं का होतं ते एकदा हाताने लिहून पाहिलेलं नसेल, तर सीमा बदलून पाय बाय सिक्स ते पाय बाय थ्री आल्या की मूल अडखळतं. तिथेही फरकाचं निम्मंच, पाय बाय ट्वेल्व्ह, कारण दोन्ही सीमांची बेरीज पुन्हा पाय बाय टूच होते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं आणि स्वाध्याय, पूर्ण पायऱ्यांसह, वहीत. त्यानंतर दोन दिवसांनी त्याच प्रकरणाचे चाळीसेक बहुपर्यायी प्रश्न, घड्याळ लावून, कच्च्या कागदावर. मधले दोन दिवस मुद्दाम सोडायचे. त्याच दिवशी सोडवलेले प्रश्न डोक्यात ताजे असतात, त्यांतून स्वतःबद्दल काही कळत नाही.

फिजिक्समध्ये तयार किमतींचा एक छोटा तक्ता बनवत जा. घरंगळणाऱ्या वस्तूच्या एकूण गतिज ऊर्जेत फिरण्याच्या ऊर्जेचा वाटा किती? कडीसाठी एक द्वितीयांश, चकतीसाठी एक तृतीयांश, भरीव गोलासाठी दोन सप्तमांश. हे दरवेळी सूत्रातून काढत बसलात तर ५४ सेकंद तिथेच संपतात.

रविवार आणि चुकांची वही

आठवड्यातले सहा दिवस भरा, रविवारची दुपार कोरी ठेवा. आठवड्यात मागे राहिलेलं त्या दुपारी भरून काढायचं. काही राहिलंच नसेल तर झोपा. रोजचे तास मोजण्यात अर्थ नाही. ‘बारा तास बसलो’ म्हणणाऱ्याला त्यात किती प्रश्न सुटले ते विचारा.

रविवारी सकाळी त्या आठवड्याच्या दोन आणि आधीच्या कुठल्याही दोन प्रकरणांची टेस्ट द्या. चुकलेला प्रश्न एका वेगळ्या वहीत उतरवा, पण उत्तरासाठी नाही, कारणासाठी. कारणं तीन-चारच असतात: सूत्र आठवलं नाही, चिन्ह चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही, संकल्पनाच कळलेली नाही. अशा नोंदी करा: ‘करंट इलेक्ट्रिसिटी, पोटेन्शिओमीटर, सेल विरुद्ध दिशेने जोडलेला होता, बेरीज केली’. ‘केमिकल कायनेटिक्स, प्रश्न हाफ लाइफचा होता, रेट कॉन्स्टंट काढून थांबलो’. महिन्याभरात दिसेल की निम्म्याहून जास्त चुका न वाचण्याच्या आहेत. त्यावर जास्त अभ्यास हा उपाय नाही. प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी वाचायची सवय लावा.

जेईई मेनचं काय?

सीईटी आणि देशपातळीवरची जेईई मेन, दोन्ही द्यायच्या असतील तर द्या, पण दोन्ही सारख्याच ताकदीने देऊ म्हणणाऱ्यांची दमछाक होते. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, बोर्डाच्या तोंडावर असतं. तिथे ७५ प्रश्न, ३०० गुण आणि चुकीला एक गुण वजा. अकरावीचं वजनही सीईटीपेक्षा खूप जास्त. ऑक्टोबरअखेर स्वतःला विचारा: अकरावीचं मेकॅनिक्स आणि फिजिकल केमिस्ट्री अनोळखी प्रश्नाला टिकेल का? नसेल, तर जानेवारीचा पेपर सराव म्हणून द्या आणि सीईटीला मुख्य मानून पुढे चला. यात कमीपणा काही नाही. पुण्याची सीओईपी, मुंबईची व्हीजेटीआय, सांगलीची वालचंद, नांदेडची एसजीजीएस, इथल्या बहुतेक जागा सीईटीवरच भरतात. जेईई मेनवर प्रवेश देणारी एनआयटी (केंद्र सरकारची इंजिनीअरिंग संस्था) डोक्यात असेल तर बारावीला ७५ टक्क्यांची अट आहे, हे मात्र विसरू नका.

जानेवारी ते परीक्षा

बोर्डाच्या काळात सीईटी पूर्ण बंद करू नका. दिवसाला वीस गणितं, घड्याळ लावून, एवढंच पुरेसं आहे. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की दोन दिवस मोकळे सोडा, तिसऱ्या दिवशी पूर्ण मॉक. त्यानंतर एक दिवस मॉक, एक दिवस तिची चिरफाड. रोज मॉक देणारी मुलं रोज त्याच चुका करतात, कारण मागे वळून बघायला वेळच उरत नाही.

पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीमध्ये हवं तसं ये-जा करता येतं. केमिस्ट्री आधी घ्या. त्यात सरळ आठवणीचे प्रश्न बरेच असतात आणि ती पस्तीस मिनिटांत आटोपली, तर फिजिक्सला पन्नास मिनिटं राहतात. शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. निगेटिव्ह मार्किंग नसताना कोरा सोडलेला प्रश्न म्हणजे फुकटची संधी घालवणं. मॉक कागदावर देऊ नका. स्क्रीनवर प्रश्न वाचायचा आणि खाली कागदावर गणित करायचं, याची मानेला आणि डोळ्यांना सवय लागते. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल तुमच्या सत्रातल्या मुलांच्या तुलनेत निघतो. त्यामुळे पेपर अवघड गेला म्हणून आत बसूनच हाय खाऊ नका. तुमच्या सत्रातल्या सगळ्यांना तोच गेलेला असतो.

कागदपत्रांचा अभ्यास आई-बाबांचा

हे काम मुलांवर टाकू नका. राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच कॉलेजमार्फत करा. समितीने जुने पुरावे मागितले तर आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला गावी जावं लागतं, आणि त्याला महिने लागतात. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या शेवटी येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं. आधीच्या वर्षी काढलेलं तसंच वापरता येईल, असं गृहीत धरू नका. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला किंवा ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र लागणार असेल, तर सेतू केंद्रात मे-जूनच्या गर्दीआधी जा. सगळ्या कागदांवरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही याच वेळी तपासा.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांसाठीही पात्र ठरता. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचे कोड वेगळे असतात आणि ते वेगळे भरावे लागतात. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तोच घ्यावा लागतो, म्हणून खरोखर हवं असलेलं कॉलेज आणि शाखाच पहिल्या ओळीत लिहा.