मराठी-कन्नड स्मरणिका: २३ ओळींचं पान

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळाची स्मरणिका. आकार ए-५, म्हणजे १४८ × २१० मिमी. एका रकान्यात मराठी, शेजारी कन्नड. चारी बाजूंना सारखाच अर्धा इंच सोडला, तर मजकूर खाली घसरल्यासारखा दिसतो.

त्याऐवजी पानाची रुंदी आणि उंची प्रत्येकी १२ भागांत वाटा. शिवणीकडे १ भाग (१२.३ मिमी), वर १ (१७.५), बाहेर २ (२४.७), खाली २ (३५). मधे १११ × १५७.५ मिमीची चौकट उरते, पानाच्याच प्रमाणातली. समोरासमोरच्या पानांवर ती आरशातल्यासारखी उलटते, हे विसरू नका. पुस्तकांची मांडणी करणाऱ्या यान चिखोल्टने दाखवलेला, असाच पण नऊ भागांचा नियम २:३ पानावर देखणा दिसतो, पण देणगीदारांची यादी पाहता तेवढा कोरा कागद परवडत नाही! परफेक्ट बायंडिंग (पानं कण्याला डिंकानं चिकटवलेली) असेल तर चौकट ४-५ मिमी बाहेर सरकवा, नाहीतर अक्षरं शिवणीत बुडतात.

रकाने ५३ + ५ + ५३ मिमी. एवढ्या अरुंद रकान्यात जस्टिफाय (ओळी ताणून दोन्ही कडा सरळ) करू नका. कन्नड शब्द लांब, त्यामुळे ओळीत भगदाडं पडतात.

खरं काम ओळींचं. अक्षर १२ पॉइंट, ओळींचं अंतर १८. अशा २३ ओळी घ्या: ४१४ पॉइंट, म्हणजे १४६ मिमी. उरलेले ११.५ मिमी पान क्रमांकाला. २३ च का? मधे एकेक ओळ कोरी सोडली की ११ ओळींचे दोन, ७ चे तीन, ५ चे चार किंवा ३ चे सहा कप्पे बरोबर बसतात. फोटोची वरची कड पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला लावा, वेलांटीच्या टोकाला नव्हे. खालची कड शेवटच्या ओळीच्या अक्षरांच्या पायाला.

अंतर पुरतं का, ते पाहायला मराठीत ‘निर्मूलन’ एकाखाली एक दोनदा टाइप करा: वरचा ऊकार आणि खालचा रफार भिडता कामा नयेत. कन्नडमध्ये ‘स्वातंत्र्य’ टाका. त्यातली ओत्ताक्षरं (जोडाक्षरात खाली लिहिली जाणारी अक्षरं) खाली लोंबतात. दोन्ही फॉन्ट १२ पॉइंटचे असले तरी डोळ्याला सारखे दिसतीलच असं नाही. कन्नडचा आकार नजरेनं कमी-जास्त करा, अंतर मात्र १८ च.

शीर्षक २४ पॉइंटचं असेल तर त्याला पूर्ण दोन ओळी, म्हणजे ३६ पॉइंट द्या. ३० दिले की त्याखालचा मराठी मजकूर शेजारच्या कन्नडपेक्षा सहा पॉइंट वर चढतो, आणि तो पानभर तसाच राहतो.