तुम्ही लिहिलेलं सॉफ्टवेअर तुमच्याच नावावर कसं ठेवाल?

साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी तुम्ही एक प्रोग्रॅम लिहिलात, असं धरा. ट्रॅक्टर काट्यावर चढला की भरलेलं वजन नोंदलं जातं, ऊस उतरवून आला की रिकामं, आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. दोन हंगाम सुरळीत चालतं. तिसऱ्या हंगामात शेजारच्या तालुक्यातल्या काट्यावर तशीच पावती निघते. ‘ट्रॅक्टर’ लिहिताना तुमच्या हातून अर्धचंद्र सुटला होता, तो तिथेही सुटलेला असतो.

भारतात अशा वेळी १९५७चा कॉपीराइट कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. संगणक प्रोग्रॅम ही या कायद्याच्या लेखी साहित्यकृती आहे. कवितेला मिळतं तेच संरक्षण तुमच्या कोडला, म्हणजे प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या ओळींना, मिळतं. कोड लिहिलात की हक्क आपोआप येतो आणि तुमच्या हयातीनंतरही ६० वर्षं राहतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हे संरक्षण तुम्ही लिहिलेल्या कोडला आहे, कल्पनेला नाही. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा करणारा प्रोग्रॅम कुणीही स्वतःच्या हाताने, नव्याने लिहू शकतो. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंटही मिळत नाही. कोडमध्ये इतरांच्या मुक्त लायब्ऱ्या, म्हणजे कुणालाही वापरता येणारे तयार कोडचे संच, वापरल्या असतील, तर तेवढा भाग तुमचा नाही; त्यांच्या परवान्यांच्या अटी वाचून ठेवा.

लिहायला बसलात त्या दिवसापासून पुरावा जमवा. गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल तारखेसकट नोंदवणाऱ्या प्रणालीत, रोजचं काम नोंदवत जा. गिऱ्हाइकाला पाठवलेली प्रत्येक आवृत्ती ईमेलने गेली की तारीख आपोआप राहते. कच्च्या आकृत्या आणि हाताने लिहिलेली पानंही फेकू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मालकीच्या कागदात, म्हणून इथे थोडं थांबा. पैसे मोजले म्हणजे सॉफ्टवेअर आपलं झालं, असं बहुतेक गिऱ्हाइकांना वाटतं आणि लिहिणाऱ्यालाही ते खरं वाटू लागतं. कायदा तसं म्हणत नाही. तुम्ही पगारी नोकर असाल आणि ते काम नोकरीचा भाग असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटची पहिली मालकी तुम्हाला नोकरीवर ठेवणाऱ्याचीच. पण स्वतंत्रपणे, ठरावीक रकमेवर काम घेतलं असेल, तर पैसे मिळाले तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. सरकारी खातं किंवा सरकारी कंपनीच्या कामात मात्र, लेखी काही ठरलं नसेल तर पहिली मालकी त्यांची.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. माझं स्पष्ट मत आहे की हक्क विकण्याऐवजी वापराचा परवाना द्या: किती काट्यांवर, किती वर्षं, सोर्स कोड, म्हणजे तुम्ही लिहिलेला मूळ कोड, द्यायचा की नाही. अर्ध्या पानाचा करार पुरतो. तो काम सुरू होण्याआधी करा. नंतर सहीसाठी कुणी दार उघडत नाही. हक्क विकलात तरी ही कृती आपली आहे, हे सांगण्याचा अधिकार कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार तुमचाच राहतो.

आता नोंदणी. ती सक्तीची नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. तरीही करा, कारण नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म १४ भरा, ५०० रुपये शुल्क भरा. लगेच डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळतो. मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि त्यानंतर तपासणी होते. सोबत सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं जोडायची. एकूण २० पानांहून कमी असेल तर सगळा कोड. त्यातला कुठलाही भाग झाकता येत नाही. म्हणून पासवर्ड आणि सर्व्हरचे पत्ते कोडमध्ये असतील तर ते आधीच वेगळ्या फाइलमध्ये हलवा. लेखक एक आणि अर्जदार दुसरा असेल, तर लेखकाचं ना-हरकत पत्र लागतं.

गिऱ्हाइकाचेही हक्क आहेत, ते नाकारू नका. कायदेशीर प्रत असलेला माणूस स्वतःच्या सुरक्षिततेसाठी बॅकअप घेऊ शकतो. ती चोरी नव्हे.

चोरी झालीच, तर आधी फोन करून भांडू नका. ती पावती, तो स्क्रीन, तारखेसकट जपा आणि मग वकिलामार्फत नोटीस द्या. कोड इंटरनेटवर चढवला असेल, तर ज्या सेवेवर तो आहे तिला लेखी तक्रार द्या. तिने ३६ तासांत तो बंद करायचा असतो, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. दिवाणी दावा तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता, तिथल्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. चोरीचा आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरणाऱ्याला कलम ६३बी खाली ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

आणि तो सुटलेला अर्धचंद्र तुमच्या कोडमध्ये दुरुस्त करण्याआधी जुनी आवृत्ती नीट जपून ठेवा. दोन माणसांनी वेगवेगळा लिहिलेला हिशेब जुळू शकतो. एकाच ठिकाणी झालेली एकच चूक योगायोगाने जुळली, हे न्यायाधीशांना पटवणं समोरच्याला फार जड जातं.