ड्रोनच्या ईएससीत लो व्होल्टेज कटऑफ बंदच ठेवा
रिमोटवरच्या विमानाच्या ईएससीने (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटने) बॅटरी उतरल्यावर मोटर बंद केली, म्हणजेच लो व्होल्टेज कटऑफ लागला, तरी विमान तरंगत खाली येतं. क्वाडकॉप्टरला, म्हणजे चार मोटरच्या ड्रोनला, ती सोय नाही. चारपैकी एका मोटरची ताकद गेली की ते उलटून दगडासारखं कोसळतं. त्यातून, थ्रॉटल जोरात दिला की लिपोचं (ड्रोनच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचं) व्होल्टेज क्षणभर बसतं आणि बॅटरीत जीव असूनही कटऑफ लागू शकतो. म्हणून बीएलहेली-३२ (ईएससीतलं सॉफ्टवेअर) मध्ये 'लो व्होल्टेज प्रोटेक्शन' ऑफ करा. राखण फ्लाइट कंट्रोलरवर, म्हणजे ड्रोनचं उड्डाण सांभाळणाऱ्या बोर्डवर, सोपवा: त्याच्या बीटाफ्लाइट सॉफ्टवेअरमध्ये इशारा बॅटरीच्या प्रतिसेल 3.5 व्होल्टला, बझर जोडलेला. (बझर स्वस्तच असतो, कंजूषपणा नको.) तो वाजला की हौस आवरा आणि उतरवा. 3.3 पर्यंत ताणलं तर बॅटरी फुगण्याची भीती; पण फुगलेली बॅटरी कोसळून मोडलेल्या फ्रेम, कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त.